उस्तादांचे पितळी कुलूप

"...मग अकरावी वस्तू कोणती, उस्ताद?"

नावेतून उतरल्यावर पायांची वाळूही न झटकता नरहर शेटे चढण चढून वर आला होता. हा प्रश्न त्याने वाटेभर मनातल्या मनात इतक्या वेळा विचारला होता की त्याचे पहिले अर्धे वाक्य वाटेतच राहून गेले.

बाबालाल अत्तार अंगणातल्या बकुळीखाली बाजेवर बसून चिंचा फोडीत होते. वय ऐंशीच्या पुढे. हात मात्र अद्याप स्थिर.

"बस," ते म्हणाले.

नरहर बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर काळी टोपी. गावात लोक त्याला शेटजी म्हणत. परंतु या माणसासमोर बसण्याची दुसरी जागा त्याला ठाऊकच नव्हती.

"दहा वस्तू मी तुमच्या हाताखाली शिकलो. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला... झोपेत विचारलंत तरी दहाही सांगेन. त्याच घालतो. तरी उदबत्तीला वास उतरत नाही. म्हणजे एक तुम्ही राखून ठेवलीत."

चिंचोका वाटीत पडला. टक्.

कृष्णेच्या पैलतीरावर, बाजारपेठेच्या तोंडाशी, अत्तारांचे उदबत्तीचे दुकान चाळीस वर्षे उस्तादांनी चालविले. मूलबाळ नव्हते. गुडघे थकले तेव्हा त्यांनी दुकान, पाटा, परात आणि नाव, सारे काही नरहरच्या ओंजळीत घातले आणि पत्नीला घेऊन ते अलीकडच्या आपल्या मूळ गावी राहावयास आले. त्या गोष्टीला नऊ वर्षे झाली. पुड्यावर अजूनही उस्तादांचेच नाव छापलेले असे.

आणि गेल्या सोमवारी रामेश्वराच्या देवळाचे दाजी गुरव दोन पुडे परत घेऊन दुकानात आले. त्या गाभाऱ्यात इतकी वर्षे दुसरी उदबत्ती लागलेली नव्हती. दाजी तोंडाचे फटकळ. पण उगाच बोलणारे नव्हेत. म्हणाले, "शेटे, ही लावली की देवाला ठसका लागतो. उत्सवापर्यंत सुधारा. नाहीतर पुड्यावरचं ते नाव तरी काढा."

उत्सव अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता. आणि 'नाव काढा' हे दोन शब्द नरहरला काट्यासारखे सलत होते.

"परक्याच्या हाती सगळं कोण देतं?" तो खाली पाहत म्हणाला. "पोटचा मुलगा असता तर अकरावीही सांगितली असतीत."

आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता, तो थांबला...

उस्तादांनी दाराकडे पाहिले. आवाज पुन्हा सुरू झाला.

मग विचारले, "मसाला कधी कालवतोस?"

"रोज पहाटे."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी बाजार, उस्ताद. शुक्रवारी दुप्पट."

हे सांगताना नरहरची मान किंचित ताठ झाली. नऊ वर्षांत दुकान एक दिवस बंद राहिले नव्हते; आजही बायकोला दुकानात बसवून तो आला होता. मेव्हणीच्या लग्नाला बायको एकटी गेली. वडिलांच्या तेराव्याच्या दिवशीदेखील त्याने दुकानाची एक फळी उघडी ठेवली होती. ज्याचा धंदा दोन हातांवर चालतो त्याने दार लावून चालत नाही, असे तो सर्वांना समजावीत असे. आज दार बंद दिसले की गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या पायरीवर चढते आणि त्याला तीच पायरी बरी वाटू लागते. उस्तादांनाही त्याने हे समजावले, जरा विस्ताराने; ओघात दाजींनी पुडे परत आणल्याचेही सांगितले.

उस्तादांनी सगळे ऐकून घेतले.

"दाजी कुठल्या वारी गेले म्हणालात, शेटजी?"

"सोमवारी."

"दुकान उघडं होतं?"

'शेटजी' नरहरला टोचले.

मघाच्या त्या 'शुक्रवारी?'ने मात्र त्याच्या मनात भलतेच काही उघडले. उस्तादांच्या काळी गुरुवारी दिवेलागणीला दुकानाला पितळी कुलूप लागे. दाबले की लागणारे, किल्लीवाचून न उघडणारे. दुसऱ्या दिवशी सारा बाजार त्या बंद दारावरून जाई. उस्ताद नमाजाला जात, हे त्याला समजत असे. पण बाकीच्यांनाही दुकानाच्या पायरीवर फिरकण्याची बंदी का, हे त्याला कधीच उमगले नव्हते. उस्तादांच्या पत्नी अमिनाचाची भाकऱ्यांचे गाठोडे बांधून देत आणि सगळ्या शिष्यांना नदीवर हाकलीत. नियम एकच. धुऊन उन्हात वाळवलेला सदरा घालायचा. तेल, अत्तर, साबण, कशाचाही वास अंगाला नको.

काय ते शुक्रवार! दिवसभर पाण्यात डुंबावे, करंजाच्या सावलीत झोपावे, काही म्हणजे काही करू नये. संध्याकाळी परतताना डोळे मिटून पैज लागे. कोणाच्या मळ्यात पाणी सोडले आहे, कोणाच्या घरी लसणाची फोडणी पडली आहे, तराळाच्या म्हशीने आज कुठे बैठक मारली होती... नरहर कधी हरला नव्हता. एकदा त्याने वळणापलीकडून सांगितले होते की नावाड्याने नावेला ताजे डांबर लावले आहे, आणि उस्तादांनी सर्वांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

शनिवारी सकाळी उस्ताद कुलूप काढीत आणि उंबऱ्यावर उभे राहून बराच वेळ डोळे मिटून घेत. त्या वेळी कोणी खोकायचेसुद्धा नाही. मग परात पुढे ओढून ते आठवड्याचा मसाला कालवीत. उरलेले दिवस तो काड्यांवर वळायचा. परातीत नवी चिमूट पडायची ती पुढल्या शनिवारी.

म्हाताऱ्याची लहर, असे नरहरला वाटत असे. दुकान हाती येताच त्याने पहिली सुधारणा केली ती हीच. दुकानामागेच त्याचे बिऱ्हाड. रात्री आतून अडसर घातला की काम भागे. ते पितळी कुलूप त्याने किल्लीसकट उस्तादांच्या हाती परत दिले होते, हसत हसत. "हे तुम्हीच ठेवा, उस्ताद. माझ्या दाराला आता हे लागायचं नाही."

"एक काडी लाव," उस्ताद म्हणाले.

नरहरने पिशवीतला पुडा सोडला, उदबत्ती पेटवून मातीत खोचली. धुराची दोरी सरळ वर गेली, मग घराकडे वळली. आत चाचींना खोकला आला.

"कशी आहे?"

"फिकी. म्हणून तर रोज थोडं वाढवतो. कधी चंदन, कधी नागरमोथा." तो थांबला. "काल मूठभर वाढवलं."

आत चाची पुन्हा खोकल्या.

उस्तादांनी काडी मातीत विझवली. धूर विरेपर्यंत उस्ताद चिंचा फोडीत राहिले. नदीवरून वारा येत होता.

"आता कसला वास येतोय?"

नरहरने डोळे मिटले, पूर्वी पैजेला मिटीत असे तसे. छाती भरून श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. आत तव्यावर भाकरी होती. टोपलीत चिंचांची रास होती.

"...कसलाच नाही."

उस्ताद बाजेवरून वाकले. नरहरच्या काळ्या टोपीवरून त्यांनी काहीतरी वेचले. मग त्याच्या खांद्यावरून. मग गुडघ्यावरून. त्याचा तळहात ओढून त्यावर एकेक करून ठेवले.

बकुळीची पाच फुले.

अंगणभर तोच सडा पडला होता. नरहर तासभर त्या सड्यात बसला होता.

त्याने ओंजळ नाकाशी नेली. थांबला. डोळे घट्ट मिटून पुन्हा नेली...

"उस्ताद," तो म्हणाला, "ही मला पैलतीरावरून कळायची."

उस्ताद गुडघ्यावर हात रोवून उठले. आत गेले. चाचींशी दोन शब्द बोलल्याचे ऐकू आले. फडताळ उघडल्याचे, मिटल्याचे. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ते कुलूप होते. नऊ वर्षे त्यावर डाग पडलेला नव्हता. दर साली चिंचेने घासल्याखेरीज पितळ असे राहत नाही.

कडी उघडी होती. त्यांनी ते नरहरच्या ओंजळीत, फुलांवर ठेवले.

"आज गुरुवार, उस्ताद," नरहर हलक्या आवाजात म्हणाला. "उद्याचा बाजार... उत्सवाआधीचा बाजार आहे."

उस्ताद बाजेवर बसले. पुढची चिंच उचलली.

टक्.

नरहरने फुले पुड्याच्या कागदात बांधली, कुलूप पिशवीत घातले, उस्तादांच्या पायांना हात लावला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मान लववून तो निघाला. अर्धा उतार उतरल्यावर त्याने पिशवी चाचपली, आणि धापा टाकीत परत आला.

"उस्ताद, किल्ली राहिली."

"राहू दे. शनिवारी सकाळी ने," उस्ताद म्हणाले. "आणि येताना धुतलेला सदरा घालून ये, बेटा."