धुक्यात ओ देणारा

“आणि ती खरंच माझी ताई असली तर?”

डोंगराच्या टोकावर वसलेल्या एका गावात एका धाकट्या भावानं हा प्रश्न विचारला होता. एकदा नाही, तीनदा विचारला. उत्तर कोणीच दिलं नाही.

त्या गावाला तिन्ही बाजूंनी दरी होती. दरीतून धुकं वर आलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नसे. लोक म्हणत, या धुक्यात एक राक्षस राहतो. त्याला अंग नाही, तोंड नाही, नुसता आवाज आहे, आणि तोही स्वतःचा नाही. तो आपल्याच माणसाच्या आवाजात आपल्याला हाक मारतो. जो ओ देईल त्याच्या घरात तो शिरतो. त्याला पाहिलेलं कोणी नव्हतं. पण दर दोन-चार वर्षांनी धुक्यात सापडलेलं कोणीतरी परत यायचं नाही, आणि मग लोक एकमेकांना म्हणायचे, “बघा, आहे की नाही?”

म्हणून गावानं एक रीत पाडली होती. धुकं आलं की दारं लावायची. दरीतून हाक आली की ज्या घराची पाळी असेल त्यानं चावडीपुढचा मोठा ढोल बडवायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या घरातून पराती वाजवायच्या. हाक बुडेपर्यंत थांबायचं नाही.

या गावात एका घरात थोरली बहीण आणि तिचा धाकटा भाऊ, अशी दोघंच राहत. आईबाप केव्हाच गेले होते, बहिणीनंच त्याला वाढवलं. ती त्याला ‘धाकल्या’ म्हणायची, म्हणून सारं गाव त्याला धाकल्याच म्हणायचं. पोरगा कष्टाळू होता, पण डोकं तापट. आधी करायचं आणि मग बघायचं, असा त्याचा स्वभाव.

एके दिवशी तो उतारावर शेळ्या चारायला गेला. काळी शेळी गाभण होती, ती जागची हलेना. यानं दोनदा ओढली. तिसऱ्यांदा दावं तिच्या अंगावर फेकलं आणि बाकीच्या शेळ्या घेऊन घरी आला.

“काळी कुठाय?” बहिणीनं विचारलं.

“बसलीय तिकडं महाराणी. पालखी पाठव तिला.”

“आज-उद्या व्यायची ती. अशी टाकून येतात होय रे?” बहीण हसतच उठली. “भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घे. मी आणते तुझ्या महाराणीला.”

ती गेली, आणि तिच्या पाठोपाठ धुकं आलं.

त्या दिवशी ढोलाची पाळी त्यांच्याच घराची होती. धाकटा काठ्या हातात घेऊन चावडीपुढे उभा राहिला. थोड्याच वेळात दरीतून हाक आली.

“धाकल्याऽ, ओ दे रे. वाट दिसत नाही.”

तो काठ्या टाकून धावला. पराती टाकून घरांतून धावत आलेल्या चौघांनी त्याला धरला.

“सोडा मला. ताई आहे ती.”

“ताई नाही,” पाटील म्हणाले. “तिचा आवाज काढतोय तो. असंच करतो.”

“आणि ती खरंच माझी ताई असली तर?”

पाटलांनी मान फिरवली. त्यानं शेजारच्या काकांना विचारलं, ते जमिनीकडे बघत राहिले. त्यानं सगळ्यांना मिळून विचारलं. तेव्हा पाटलांनी काठ्या उचलून त्याच्या हातात दिल्या. “गावात लेकरंबाळं आहेत, पोरा. बडव.”

आणि त्यानं बडवला. ऐकू येऊ नये म्हणून डोळे मिटून, सगळा जोर लावून बडवला. त्या दिवशी हाक लवकर बुडाली. लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते जेवायला गेले.

सकाळी धुकं निवळलं. बहीण समोरच्या कड्याखालच्या घळीत पडलेली सापडली. काळी वरच्या कपारीत सुखरूप होती, आणि तिच्या पायाशी एक ओलं करडू उभं होतं. चिखलात बहिणीची पावलं दिसत होती. गावाच्या दिशेनं ती निम्मी वाट बरोबर चढून आली होती. तिथून एकदम वळली होती आणि जिथं जमीन संपते तिकडे चालत गेली होती.

“राक्षसानं ओढत नेली,” पाटील म्हणाले.

“पावलं तर एकाच माणसाची आहेत,” भाऊ म्हणाला.

मग त्यानं कोयत्याला धार लावली. पुढचं धुकं आलं तसा तो उतारावर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “ये बाहेर. कुठायस?”

राक्षसानं उत्तर दिलं. तो आवाज समोरच्या कड्यातून आला. हजार तोंडांनी कोणी दात आपटावेत तसा. खालून यायचा, बाजूनं यायचा, पोटात शिरायचा. पण तो कोयता धरून ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्या हजार तोंडांतलं एक त्याच्या ओळखीचं निघालं. ती काकांची तडा गेलेली परात होती. तिच्यामागे चावडीपुढचा ढोल होता. गावानं त्याची हाक ऐकली होती आणि गाव त्याला बुडवत होतं. तो गोंगाट कड्यावर आपटून परत येत होता. जिथं गाव नव्हतं तिथून गाव वाजत होतं.

ढोल वाजतो तिथं गाव, एवढं ताईला ठाऊक होतं. ती ढोलाकडे चालत गेली होती. त्याच्या ढोलाकडे.

धुकं विरल्यावर तो वर आला आणि कोणाशी न बोलता कोयत्यानं ढोलाचं कातडं उभं फाडलं. मग म्हणाला, “राक्षस सापडला,” आणि पाहिलं-ऐकलं ते सगळं सांगितलं.

लोक मागे सरकले. “आवाज धाकल्याचा आहे,” पाटील हळूच म्हणाले, “पण बोलतोय तो.”

त्यांनी त्याला दगड मारून वेशीबाहेर काढलं आणि नवा ढोल मढवला. काळी आणि करडू घेऊन तो उतारावर झोपडीत राहू लागला. पोरं जेवेनात की आया सांगायच्या, “उतारावरचा येईल हं.”

वर्षभरानं पाटील खालच्या झऱ्यावर गेले असताना धुक्यानं त्यांना गाठलं. झोपडीत बसलेल्या भावाला पाटलांनी आपल्या पोराला मारलेली हाक ऐकू आली.

“लेका, ओ दे. मी आहे रे, तुझा बाप.”

वरून ढोल सुरू झाला. पराती सुरू झाल्या. हाक हळूहळू कड्याकडे सरकू लागली.

भाऊ हलला नाही. त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसलं की पुरे, बाकीचं ढोल करणार होता. असं कितीतरी वेळ तो बसला, आणि ते बसणं त्याला गोड लागलं. इतकं गोड लागलं की तो दचकला. एवढे दिवस धुक्यात शोधला तो राक्षस आता त्याच्याच झोपडीत, त्याच्याच अंगात शांतपणे बसला होता.

“ओऽ,” तो ओरडला आणि धावत सुटला. “पाटील, थांबा. ढोलाकडे जाऊ नका. माझ्या आवाजाकडे या.”

पाटील दरीच्या काठापासून चार पावलांवर उभे होते. “तू माणूस आहेस की...”

“ते वर गेल्यावर ठरवा. आधी डावा पाय मागे घ्या, दगड सैल आहे.”

त्यानं त्यांचा हात धरला. चालताना पाटलांनी समोरच्या कड्यातून येणारा तो आवाज ऐकला आणि ते जागीच थांबले. “हे कोण ओरडतंय रे?”

“आपण,” भाऊ म्हणाला.

वेशीवर येऊन पाटलांनी हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही, पराती तेवढ्या वाढल्या. चावडीपुढे पाटलांचाच पोरगा ढोल बडवत होता. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. भाऊ त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्यानं ढोलावर आपला तळहात ठेवला. एक काठी हातावर बसली, दुसरी बसली. त्यानं हात काढला नाही.

ढोल थांबला. “ओ दे,” तो पोराला म्हणाला. “बाप हाक मारतोय.”

पोरानं ओ दिली. एकेक परात थांबत गेली. दारं उघडली तेव्हा पाटील लेकाला धरून रडत होते आणि भाऊ वेशीकडे निघाला होता.

“धाकल्या, थांब,” पाटलांनी हाक मारली. सगळ्या गावानं मारली. धुकं तसंच होतं, समोर काही दिसेना. किती वेळ काहीच आलं नाही. मग दूर, खालून, एकदाच आवाज आला.

“ओऽ.”

धुकं निवळल्यावर झोपडी रिकामी होती, काळी आणि करडूही नव्हतं. गावाला त्यानं दिलेली ती शेवटची ओ.

तात्पर्य: राक्षस कसा दिसतो हे विचारू नका. आपल्याच माणसाची हाक बुडवायला हातात परात घेतली, की तो घरात आलेला असतो. ओ द्या, म्हणजे जाईल.