हिवरखोऱ्याच्या अनसूया

हिवरखोऱ्यात कुणाच्याही अंगणात उभं राहून ‘अनसे’ अशी हाक मारा, चार घरांतून ओ येईल. एक म्हातारी काठी टेकत येईल, एक लेकुरवाळी येईल, एक शाळेचं दप्तर घेऊन येईल, आणि चौथीची आईच ओ देईल, कारण चौथी अजून पाळण्यात असेल. परक्या माणसाला वाटतं, गावात दत्ताचं देऊळ असणार. देऊळ आहे, पण नावं त्यावरून आलेली नाहीत. पुराणातली अनसूया थोर, तिला आपला नमस्कार. ही अनसूया वेगळी, आणि ती याच गावची.

पुष्कळ पिढ्या झाल्या या गोष्टीला. खोऱ्यात तेव्हा सडक नव्हती, मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट तेवढी होती. खाली गाव, वर पठार, आणि पौषात पठारावरून असा गारठा उतरायचा की रांजणातल्या पाण्यावर काचेसारखी साय धरायची. त्या गावात सटवाजी न्हाव्याची बायको अनसूया सुईणपण करायची.

तिचं नाव तिच्या बापाने ठेवलं होतं. त्याने परगावच्या जत्रेत कीर्तन ऐकलं. बुवांनी सांगितलं, असूया म्हणजे मत्सर, आणि जिच्या मनाला मत्सर शिवत नाही ती अनसूया. बापाला ते एवढं आवडलं की घरी येऊन त्याने लेकीचं ठरलेलं नाव बाजूला सारलं आणि हे ठेवलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण असं म्हणतात, नाव कानात पडलं तेव्हा तान्ह्या पोरीने मूठ आवळली ती शेजारणीच्या पोराच्या खुळखुळ्यावर, आणि ती मूठ कुणाला सोडवता आली नाही.

मोठी झाली तशी तिच्या हाताला देणगी मिळाली. मूल आडवं आलं असेल तर अनसूया बाळंतिणीच्या पोटावरून हात फिरवायची, डोळे मिटून, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग मूल झोपेत कूस बदलावी तसं हलकेच वळायचं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून तिला बोलावणं यायचं. ती नाही म्हणायची नाही. पण तिच्या स्वतःच्या पोटी मूल नव्हतं, आणि दर बाळंतपणात नाळ कापताना तिच्या पोटात काहीतरी चटकायचं.

बायकांना ते ठाऊक होतं. बायकांना सगळं ठाऊक असतं. नाळ कापून झाली की बाळाची आजी नाहीतर आत्या लगबगीने पुढे व्हायची, बाळ तिच्या हातातून काढून घ्यायची आणि त्याच्या गालाला काजळाचं बोट लावायची. तिच्या देखत लावायची. अनसूया हात धुवायची आणि जाता जाता काहीतरी टोचून बोलायची. ‘नाक बापावर गेलंय, आता हुंडा साठवा.’ असलं काहीतरी. म्हणून गावाने तिच्यावर म्हणच केली होती, नाव अनसूया आणि पोटात विस्तव.

तिची एकच इच्छा होती, आणि ती तिने सटवाजीलाही कधी सांगितली नाही. तिच्या हातावर जन्मलेल्या एखाद्या पोरीला गावाने तिचं नाव द्यावं. बारशाला ती दाराशी बसायची आणि पाळण्याची गाणी संपायची वाट पाहायची. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करायची. मग नाव यायचं कृष्णा, साळू, भागीरथी. अनसूया कधीच यायचं नाही. नावासोबत विस्तवही येईल अशी सगळ्यांना भीती.

अशात पठारावरच्या बिरू धनगराने लग्न करून बायको आणली. तिचं नाव पवळा. पवळा म्हणजे पोवळं, ते तांबडं, शुभ रत्न. ती हसली की समोरच्याला उगाच आपण चांगले आहोत असं वाटायचं. मेंढ्या विताना पाहत ती वाढली होती आणि तिच्या आईने तिला बायकांचं बाळंतपणही शिकवलं होतं. अनसूया एकदा लांबच्या वाडीवर गेलेली असताना पाटलाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पठारावरून पवळाला आणलं. पोरगी झाली. पवळाने तिला घोंगडीत गुंडाळून गाणं म्हटलं, आणि पाटलिणीने कुणाला न विचारता बारशाला नाव ठेवलं पवळा.

मग ते नाव गावात तणासारखं पसरलं. तेल्याने ठेवलं, सुताराने ठेवलं, ज्यांची बाळंतपणं अनसूयेनेच केली होती त्यांनीही ठेवलं. पाटलाची पवळा, चिंचेखालची पवळा, नकटी पवळा, रडकी पवळा. अनसूया पाण्याला निघाली की गल्लीतून कुणीतरी हाक मारायचं, पवळे, आणि धूळ उडवत पोरींचा घोळका तिच्या अंगावरून पळत जायचा. ती हंडा तसाच धरून उभी राहायची. यातल्या निम्म्या पोरींना पहिला श्वास तिने दिला होता.

तिने काय करावं? तिने एक शेळी घेतली, गावातली सगळ्यांत खोडसाळ, आणि तिचं नाव पवळा ठेवलं. मग ती रोज अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणायची, “पवळे, मेले, तुला कुणी विचारत नाही, दूध तरी देतेस का पुरतं?” सटवाजी खालमानेने वस्तरा पाजळत बसायचा. असं म्हणतात, त्या दिवसांत तिच्या पोटातला विस्तव एवढा वाढला की ती बसून उठली की दगड ऊन लागायचा आणि मांजरं तिथे जाऊन झोपायची.

मार्गशीर्षात एक दिवस पवळाच तिच्या दारी आली. तिचे दिवस भरत आले होते. पठारावरून उतरून येताना तिला दम लागला होता. तिने डोक्यावरचं लोण्याचं गाडगं खाली ठेवलं आणि पाया पडायला वाकली.

अनसूया म्हणाली, “वाकू नकोस. काय काम आहे?”

“मावशी, माझं मूल आडवं आहे. मला हाताला कळतंय. दुसरीचं असतं तरी मला वळवता आलं नसतं. ते तुमच्याच हाताला येतं.”

“तुझ्या नावाच्या एवढ्या पोरी आहेत गावात. त्यांना बोलव.”

“तुम्ही रागावलात हे खाली आल्यावर कळतं मला. त्या शेळीचंही कळलंय.” पवळा थोडी हसली. “शेळी चांगली आहे. पण मी भ्याले आहे, मावशी.”

ती चिडली असती तर अनसूयेला बरं वाटलं असतं. ही तर भ्यायल्यावरही गोड दिसत होती. अनसूयेने लोणी परत तिच्या हातात दिलं. “तुझ्या उंबऱ्यात मी पाय ठेवला तर नाव बदलेन माझं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन जात्यावर बसली. जात्यात दाणे नव्हते. तरी ती पवळा दिसेनाशी होईपर्यंत दळत राहिली.

पौषात गारपीट झाली. म्हातारी माणसं सांगतात, तशी गारपीट खोऱ्याने आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. सकाळीच आभाळ शिशासारखं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. पठार पांढरं झालं. अशा वेळी बिरू धनगर खाली आला. मुंडासं पडलेलं, कपाळातून रक्त, अंगावर नुसतं धोतर, कारण घोंगडी त्याने बायकोवर टाकली होती. तो अनसूयेच्या अंगणात उभा राहिला.

“पहाटेपासून अडली आहे,” तो म्हणाला. “ती म्हणाली, मावशी यायच्या नाहीत, तरी सांगून या.”

अनसूया चुलीशी बसली होती. आणि अनसूयेच्या मनात दया आली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिच्या मनात आलं ते असं, की पवळा आज मेली तर गाव काय करेल? पठारावर तिच्या नावाचा दगड बसवेल. त्याला शेंदूर लावेल. दर पौषात नैवेद्य नेईल आणि मग खोऱ्यात जन्मणारी प्रत्येक पोरगी पवळा होईल, चंद्रसूर्य असेपर्यंत. आणि आपल्याला त्या शेंदरापुढे हात जोडावे लागतील.

ती उठली. “जिवंत ठेवते तिला,” ती म्हणाली. “जितेपणी कौतुक फार टिकत नाही कुणाचं.”

सटवाजीने तिला घोंगडी दिली, ती तिने बिरूच्या अंगावर फेकली आणि स्वतः लुगड्याचा काचा मारून वाटेला लागली. असं म्हणतात, गारा तिच्या अंगाला लागायच्या आधीच विरघळत होत्या. तिच्या पाठीमागे बिरू चालत होता, आणि त्याने पुढे आयुष्यभर सांगितलं की तिच्या पावलांच्या जागी बर्फ नव्हतं, ओली काळी माती होती, म्हणून त्याला वाट सापडली.

वर झोपडीचं छप्पर गारांनी फाटलं होतं. चूल विझलेली, सरपण भिजलेलं, मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या. पवळाचे ओठ निळे झाले होते. अनसूयेला पाहून तिने तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. अनसूयेने डोळे मिटले. मूल हट्टी होतं. किती वेळ लागला ते कुणी सांगत नाही, पण बाहेरच्या गारा थांबून पुन्हा सुरू झाल्या असं सांगतात. शेवटी मूल वळलं, आणि आलं.

मुलगी होती. गार, निळसर, आणि गप्प. अनसूयेने तिला उलटी धरली, चोळली, तोंडात फुंकर घातली. पोरगी गारेसारखी गारच. शेकायला विस्तव हवा होता आणि त्या पठारावर विस्तवाची एक ठिणगी नव्हती.

पवळा पडल्या पडल्या म्हणाली, “मावशी, द्या ना माझ्याजवळ.”

“तुझ्यात ऊब कुठे आहे?” अनसूया म्हणाली. तिने चोळीची गाठ सोडली, पोरीला आपल्या उघड्या पोटाशी धरलं आणि वरून पदर घट्ट गुंडाळला.

इतक्या वर्षांत तिच्या हातावर इतकी मुलं जन्मली होती, पण एकही तिच्या पोटाला कधी लागलं नव्हतं. तिला ते छोटे तळवे लागले आणि तिच्या आतला सगळा मत्सर एकदम पेटला. ही माझी का नाही? हिला का मिळाली, जिला आधीच सगळं मिळालंय? पाटलिणीचा, तेलिणीचा, काजळाच्या बोटांचा, बारशाच्या गाण्यांचा, सगळ्यांचा जाळ एका जागी आला. तिच्या ओल्या लुगड्यातून वाफ निघू लागली. असं म्हणतात, झोपडीतल्या गारा वितळून पाण्याचा ओघळ बाहेर वाहिला आणि मेंढ्या दारात येऊन शेकायला उभ्या राहिल्या. आणि त्या वाफेत, पदराच्या आत, पोरगी शिंकली. मग रडली.

अनसूया हात पुढे करून पोरगी द्यायला निघाली. तिला सवय होती. नाळ कापली की हात रिकामे करायचे. पण पवळाने हात पुढे केला नाही.

“राहू द्या अजून थोडा वेळ,” ती म्हणाली. “तुमच्याजवळ बरी आहे ती.”

तेव्हा अनसूया रडली. बिरू दाराबाहेर होता, त्याने तोंड मेंढ्यांकडे वळवलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. गाव वर आलं. पवळाने आत्याला बाजूला केलं आणि स्वतःच पोरीच्या कानात नाव सांगितलं. अनसूया. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पाटलीण म्हणाली, “अगं, कशाला? विस्तव येईल पोटात.”

पवळा म्हणाली, “आला तर येऊ दे. इथे थंडी फार असते.”

अनसूया दाराशी बसली होती. आता ती बदलली असेल, निवळली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. घरी जाताना ती सटवाजीला म्हणाली, “एवढं एक नाव होतं माझ्याकडे, तेही घेतलं बघा त्यांनी.” दुसऱ्या दिवशी ती शेळीवर पूर्वीसारखीच ओरडली. मरेपर्यंत ती दुसरीच्या पाटल्या पाहून तोंड वाकडं करायची आणि दुसरीच्या नातवाला नावं ठेवायची. पण बोलावणं आलं की जायची, आणि आता कुणी बाळ तिच्या हातातून ओढून घेत नव्हतं. काजळाचं बोट तर बायका तिलाच लावायला सांगायच्या. हळूहळू अडलेल्या बायकांनी लेकींना तिचं नाव दिलं, मग न अडलेल्यांनीही. पवळा मागे पडल्या. ते पाहून तिला फार बरं वाटलं, हे तिने कधी लपवलं नाही.

ती गेली तेव्हाही पौषच होता. सरण दवाने ओलं होतं आणि सटवाजीच्या पुतण्याला काडी लावायची भीती वाटत होती, पेटेल की नाही म्हणून. असं म्हणतात, तिला सरणावर ठेवलं आणि काडी लावावी लागली नाही.

खोऱ्याबाहेर अनसूया म्हणजे जिला मत्सर नाही ती. हिवरखोऱ्यातल्या बायकांना विचाराल तर त्या म्हणतील, मत्सर नाही अशी बाई कुणी पाहिली आहे? अनसूया म्हणजे पोटात विस्तव असून जी गारांत वर गेली ती.

अजूनही तिथे मुलगी झाली की तिला पाळण्यात घालण्याआधी एक गोष्ट करतात. आईचा जिला सगळ्यांत जास्त हेवा वाटतो तिच्या ओटीत पोरगी देतात. जाऊ असेल, नणंद असेल, शेजारीण असेल. कोण, ते आईने ठरवायचं आणि कुणी काही विचारायचं नाही. ती बाई पोरीला पोटाशी धरते, तिच्या कानात अनसूया असं म्हणते, आणि हवा तेवढा वेळ तिला धरून बसते. मगच पाळणा, मगच गाणी, मगच ठरलेलं नाव. आजवर कुणी ओटी पसरायला नकार दिलेला नाही. कधी कधी तर बोलावल्याशिवाय दोघी तिघी पुढे येतात. मग पोरगी थोडा थोडा वेळ सगळ्यांकडे देतात.