कराराच्या दगडावरचे बोट

एका राज्यात घंटा वाजायची, त्याच्या शेजारच्या राज्यात अजान व्हायची, आणि मधून एक ओढा वाहायचा. ओढ्याचे पाणी दोघांच्याही गुरांना गोड लागायचे. माणसांचे मात्र तसे नव्हते. पीक कापून झाले की घंटेचे स्वार ओढा ओलांडून पलीकडची गावे जाळायचे, आणि दिवस थोडे उबदार झाले की अजानचे स्वार अलीकडची. जाळून झाले की जाताना कुणाची शेळी, कुणाचे पोर घोड्यावर टाकून न्यायचे. दोन्हीकडे याला राजनीती म्हणत.

ओढ्याकाठी एक मोठा दगड होता. तो पूर्वी माणूस होता. घंटेचे लोक त्याला संत म्हणायचे, अजानचे लोक पीर म्हणायचे, आणि तो मरायला टेकला तेव्हा दोघेही कुदळी-फावडी घेऊन त्याच्या दाराशी भांडायला उभे राहिले. तेव्हा तो म्हणाला, "मला कुणीच पुरू नका," आणि दगड झाला. दगड होण्याआधी त्याने एक करार मात्र करून दिला. पळवलेल्या माणसाचा माग इकडच्या माग काढणाऱ्याने दगडापर्यंत आणायचा, शेवटच्या पावलावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "इथवर माझा, इथून तुझा." मग तिकडच्याने त्याच पावलावर बोट टेकवून माग पुढे न्यायचा आणि माणूस शोधून परत दगडापाशी आणायचा. तिथे त्या माणसाला एकट्याला उभे करून विचारायचे, कुठे जातोस? तो म्हणेल तिकडे त्याने जायचे. राजे बदलले, करार टिकला, कारण दगडाशी खोटे बोलणाऱ्याला काय होते ते कुणालाच ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

घंटेच्या बाजूने माग काढायचे काम मेंसियाच्या घराण्यात होते. अजानच्या बाजूने ते याह्याच्या घराण्यात होते. दोघे एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत, एका ताटात जेवले नाहीत, पण दगडाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघांचे केस पिकायला लागले होते. एकमेकांच्या शब्दावर त्यांचा जितका भरवसा होता, तितका आपापल्या राजावर नव्हता.

एका वर्षी अजानचे स्वार आले आणि मेंसियाची मुलगी एल्विरा त्यांच्या घोड्यावर गेली. पुढचे दोन दात पडलेली, अनवाणी हिंडणारी पोर. मेंसियाने डोळ्याला पदर लावला नाही, आधी खुरांचा माग धरला. दगडापाशी बोट टेकवून ती म्हणाली, "इथवर माझा, इथून तुझा." याह्याने बोट टेकवले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत आला, दगडावर बोट ठेवून म्हणाला, "माग विरला."

त्याच क्षणी त्याचे बोट कोळशासारखे काळे पडले, आणि सीमेवरच्या सगळ्या जमिनीवरून पावले पुसली गेली. माणसाचे पाऊल उमटेना, घोड्याचा खूर उमटेना. जिथे पाऊल राहत नाही तिथे वाट कशी राहणार? ओढा ओलांडून जो जाई, तो चालून चालून पुन्हा आपल्याच दारात येई. मेंढपाळांची मेंढरे हरवली, माहेराला निघालेल्या बायका माहेरी पोचेनात. याह्या खोटे बोलला हे शेंबड्या पोरालाही कळले. का बोलला, हे विचारायला जायला मात्र वाट नव्हती.

असे एक तप गेले. त्या बारा वर्षांत दोन्हीकडे एकही गाव जळले नाही, पण ते कुणाच्या ध्यानातच आले नाही. शापात काही बरे असेल असे कोण शोधतो?

शेवटी घंटेच्या राजाने दवंडी पिटवली: जो शाप उतरवील त्याला सोन्याचे कडे. राजाला मेंढरांची काळजी नव्हती. त्याच्या तलवारी गंजत होत्या.

मेंसियाला कडे नको होते. ती घंटाघराच्या माथ्यावर चढली. तिथे एका करकोच्याचे घरटे होते. तो उन्हाळा घंटाघरावर काढायचा आणि हिवाळा पलीकडच्या मिनारावर, आणि दोन्हीकडे त्याला कुणी धर्म विचारला नव्हता. करकोचा हा मुका पक्षी, नुसती चोच वाजवतो. जन्मात एकदाच बोलतो.

"पक्षीराज," मेंसिया म्हणाली, "माझी मुलगी कुठे आहे?"

"सोडलेला माग शेवटापर्यंत चालला पाहिजे," करकोचा म्हणाला. "पुसलेली पावले दिसायला दिवा हवा. सीमेवरच्या झाडाचे तेल आण, हरवलेल्या घंटेची ज्योत आण आणि खोटे बोललेल्या तोंडचा खरा शब्द आण. मी उडेन, तू माझ्या सावलीतून चाल. सावली एका माणसाला एकदाच मिळते. आणि बाई, शाप उतरल्यावर काय येईल याचा विचार केला आहेस का?"

"माझी मुलगी येईल," मेंसिया म्हणाली. करकोच्याने नुसती चोच वाजवली. त्याचे बोलणे संपले होते.

सीमेवर एक जैतुनाचे झाड होते, मुळे एका राज्यात आणि फांद्या दुसऱ्यात. त्याच्या ढोलीत एक जादूगारीण राहायची. तिने वाटीभर तेल पुढे धरले.

"किंमत?" मेंसियाने विचारले.

"तुझ्या मुलीचा आवाज. तुझ्या आठवणीतला."

"एवढाच?"

"एवढाच," म्हणत जादूगारीण हसली. मेंसियाने तो दिला. मग तिला एल्विरा आठवली, 'आई, पाणी दे' म्हणतानाची. ओठ हलले, आवाज आला नाही. फार महाग पडले ते तेल, पण वाटी हातात आली होती.

घंटेच्या राज्यातली सगळ्यात जुनी घंटा पूर्वीच्या एका स्वारीत लुटून नेली होती. अजानच्या सुलतानाने ती उलटी टांगून तिचा दिवा केला होता. पहारेकरी होते, पण करकोच्याच्या सावलीत उभा राहिलेला माणूस पहाऱ्यावरच्या लोकांना करकोचाच दिसतो. मेंसियाने हात पुढे केला तर घंटेचा चटका बसला.

"मी कुणासाठी वाजले ते सांग," घंटा म्हणाली.

मेंसियाने आज्याचे नाव सांगितले. नवऱ्याचे सांगितले. जळलेल्या गावांतल्या माणसांची नावे सांगता सांगता तिचा घसा सुकला. घंटेतून टपोरा टिपूस गळावा तशी एक ज्योत गळून तिच्या वाटीत पडली.

आता खरा शब्द उरला. याह्या दगडाच्या पलीकडे बसलेला होता. गेली बारा वर्षे तो रोज तिथे येऊन बसायचा. काळे बोट त्याने चिंधीत गुंडाळले होते.

"खरा शब्द दे," मेंसिया म्हणाली.

"दिला तर माझं घर मोडेल, बाई."

"माझं मोडून तप झालं."

याह्याने चिंधी सोडली आणि बोट दगडावर ठेवले. "माग विरला नव्हता," तो म्हणाला. "मी तो माझ्या टाचेनं पुसला."

तिन्हीसांजेला दोघे निघाले. दिव्याच्या उजेडात पुसलेले खूर एकेक करून वर येत होते. एका गावाच्या विहिरीशी खूर वळले, आणि तिथून इवलीशी अनवाणी पावले सुटी झाली. "घोडा लंगडला, म्हणून त्यांनी पोरीला इथंच टाकलं," याह्या म्हणाला. पावले विहिरीवरून एका दाराशी गेली होती. "माझ्या बायकोनं हातात भाकरी धरून हाक मारली. त्याच महिन्यात आमची पोर पुरली होती आम्ही. मी माग काढत काढत माझ्याच दारात आलो, तर ही तिच्या मांडीवर झोपलेली. तूच सांग, मी काय करायचं होतं?"

"परत आणायचं होतं," मेंसिया म्हणाली.

"होय," याह्या म्हणाला.

आतून कुणीतरी विचारले, "कोण आहे, अब्बा?" मेंसियाने कान दिला. आवाज कुणा परक्या बाईचा होता. मग दार उघडले, कडेवर मूल घेतलेली तरुणी उंबऱ्यावर आली, आणि मेंसियाने सवयीने खाली पाहिले. माग काढणारी माणसे चेहऱ्याने ओळखत नाहीत. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"एल्विरा," ती म्हणाली.

"माझं नाव नुझा आहे," तरुणी म्हणाली. मग तिने त्या काळ्या बोटाकडे पाहिले, दिव्याच्या उजेडातल्या इवल्या पावलांकडे पाहिले, आणि अब्बा कुणाच्या मागाबद्दल खोटे बोलले होते ते तिला कळले. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतले आणि याह्याकडे पाठ केली. तो भिंतीला धरून खाली बसला.

सकाळी कराराप्रमाणे तिला दगडापाशी एकटीला उभे केले. एका बाजूला मेंसिया, दुसऱ्या बाजूला याह्या.

"अहो बाई," नुझा मेंसियाला म्हणाली, "लहानपणी मी रोज घराच्या धाब्यावर चढून तुमची वाट बघायची. फार बघितली. मग माझ्यानं बघवेना. तुमची भाषाही आता आठवत नाही मला. तुमच्यावर राग नाही. पण मी येत नाही."

याह्याकडे ती वळली. "आणि तुमच्यावर राग आहे, अब्बा. तो जायचा नाही. चला घरी."

ती चालू लागली, आणि ओल्या मातीत तिचे पाऊल उमटले. बारा वर्षांतले पहिले. मेंसिया वाकली. हे तिचे काम होते आणि तिला ते नीट करायचे होते. तिने करंगळी चढलेल्या त्या पावलावर बोट टेकवले.

"इथवर माझा," ती म्हणाली, "इथून तुझा."

याह्याने बोट टेकवले. ते पुन्हा गोरे झाले. शाप उतरला. घंटा वाजल्या, अजान झाली, मेंढरे घरी आली, बायका माहेरी पोचल्या. राजाने मेंसियाच्या हातात सोन्याचे कडे घातले. गोष्ट इथेच थांबली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्याच दिवशी राजा स्वार घेऊन दगडापाशी आला. तलवारी घासूनपुसून लखलखीत केल्या होत्या. मातीत दोघांचा ताजा माग होता: याह्याचा आणि नुझाचा, सरळ पलीकडच्या गावाकडे गेलेला. पुढे खडकाळ रान होते. तिथला माग वाचणारी राज्यात एकटी मेंसियाच होती.

"माग दाखव," राजा म्हणाला. "आधी तुझी मुलगी ठेवून घेणारं गाव जाळू."

"महाराज, माग दगडापाशी सोपवायचा असतो. तसा करार आहे."

"करार त्यांच्याशी. मी तुझा राजा आहे. तू नाही दाखवलास तर मी गावोगाव शोधत जाईन. वाटा आता मोकळ्या झाल्या आहेत. तूच केल्यास."

खरेच होते ते. तिनेच केल्या होत्या. करकोच्याने विचारले तेव्हा तिने काय उत्तर दिले होते, ते तिला आठवले. तिने त्या पावलाकडे पाहिले. पाहून घेतले, कारण पुन्हा दिसणार नव्हते. सावली एका माणसाला एकदाच मिळते. आणि मग ज्या बोटाने आयुष्यभर खोटा माग कधी दाखवला नव्हता, ते तिने दगडावर ठेवले.

"माग विरला," मेंसिया म्हणाली.

बोट काळे पडले. पाऊल डोळ्यांदेखत सपाट झाले. राजाने रागाने घोडे ओढ्यात घातले, दुपारपर्यंत दौडला, आणि आपल्याच वेशीतून आत आला. त्याने कडे काढून घेतले. लोक मेंसियाला पाहून थुंकायला लागले. मेंढरे पुन्हा हरवली होती, लोकांचेही चुकले नाही.

पलीकडे याह्या अंगणात होता. नुझाचे मूल नुकतेच उभे राहायला शिकले होते, मातीत चार पावले टाकून त्याने मागे पाहिले तर तिथे काहीच नव्हते. नुझाही धावत बाहेर आली.

"काय झालं, अब्बा?"

याह्याने आपल्या बोटाकडे पाहिले. ते गोरेच होते. "तुझी आई खोटं बोलली," तो म्हणाला.

"का?"

"मी बोललो होतो ते तुझ्यासाठी. तीही तुझ्याचसाठी."

तेव्हापासून नुझा पुन्हा धाब्यावर चढते आणि ओढ्याकडे पाहते. तिथून काही दिसत नाही.

घंटेच्या राज्यात घंटा वाजते, अजानच्या राज्यात अजान होते, आणि मधून ओढा वाहतो. गावे जळत नाहीत. दोन्ही राजे शाप उतरवणाऱ्याच्या शोधात आहेत, आणि ईश्वर करो, तो त्यांना कधी न सापडो.