टॅपेटची टकटक

मोटारींना हँडल मारून जागं करत असत, त्या काळातली गोष्ट. एका जुन्या मोटारीचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. फक्त कॅमशाफ्ट नावाचा फिरता दांडा आणि त्यावर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा छोटा टॅपेट जुनेच ठेवले होते.

इंजिन सुरू झालं आणि टॅपेटच्या जिवाला घोर लागला. कॅमशाफ्टवरचा, टॅपेटला वर ढकलणारा उंचवटा झिजत होता आणि त्याचा लोखंडी भुगा तेलात उतरत होता. टॅपेट टकटक करू लागला.

"गप्प बस ना!" कॅमशाफ्ट दटावून म्हणाला. "मिस्त्रीनं ऐकलं तर मला काढेल, आणि माझ्याबरोबर तुलाही."

टॅपेट घाबरला. पण तेच भुगा मिसळलेलं तेल इंजिनाच्या नव्या बेअरिंगांकडे चाललं होतं, तीही खरवडली गेली असती. त्याला राहवेना. तेवढ्यात यासीन मिस्त्रीनं आतला आवाज ऐकायला इंजिनाच्या झाकणावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावली. टॅपेटनं सगळं बळ एकवटून टकटक केली.

"इथंच आहे," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

दोघंही बाहेर, फडक्यावर आले. "गप्प राहिला असतास तर अजून आत असतो आपण," कॅमशाफ्ट कुरकुरला.

"हो," टॅपेट म्हणाला, "आणि सगळं इंजिन खाल्लं असतं आपण."