कोऱ्या वहीतला सातवा धडा

एका तालुक्याच्या गावी एकदा एक शिक्षक आपल्या वृद्ध गुरुजींना आपला पराक्रम दाखवायला निघाला. पराक्रम म्हणजे एक आठ वर्षांची मुलगी होती. तिचे नाव मनवा. आईने तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, गणवेशाला इस्त्री केली होती आणि निघताना बजावले होते, "सर सांगतील तसंच बोलायचं हं." ही सूचना खरे तर अनावश्यक होती. गेली तीन वर्षे मनवा सर सांगतील तसेच बोलत होती.

हा शिक्षक, ज्याला आपण शिष्य म्हणू, पहिली ते चौथीच्या मुलांची खासगी शिकवणी चालवत असे. पहिलीच्या मुलाला शिकवणी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही फार वर्षांपूर्वी पहिलीत होता असे समजतो. त्या गावात आधी शिकवणीत नाव घालत आणि मग दप्तर विकत घेत. त्यातही शिष्याची शिकवणी सर्वांत नावाजलेली. तिची रीत अशी, की शाळेत जो धडा पुढच्या महिन्यात यायचा, तो इथे या महिन्यातच संपलेला असायचा. सर एक वाक्य मोठ्याने म्हणत, मुले ते दहा वेळा म्हणत, मग सर पुढचे वाक्य घेत. शाळेतल्या बाईसुद्धा यावर खूश होत्या. "हे शिकवणीत झालंय ना तुमचं? मग लिहून टाका उत्तरं," म्हणून त्या आपल्या कागदपत्रांकडे वळत. मग मुले ती उत्तरे न बघता लिहून टाकत.

शिकवणी सुटण्यापूर्वी शिष्य स्वतः खोडरबर घेऊन रांगेतून फिरे. चूक दिसली की खोडायची, तिथे पेन्सिलीने पुसट बरोबर शब्द लिहायचा आणि मुलाचा हात धरून तो गिरवून घ्यायचा. 'आमच्या शिकवणीतून चुकीची वही घरी जात नाही,' अशी पाटीच त्याने दारावर लावली होती. पालक ती वाचत आणि निश्चिंत मनाने घरी जात.

वृद्ध गुरुजी चाळीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळून निवृत्त झाले होते. दोन खोल्यांत एकटेच राहत. गावातल्या ज्या मुलांच्या आईबापांना वेळ नसे, त्यांच्या पुस्तकांना आणि वह्यांना खाकी कागदाची कव्हरे घालून देणे एवढाच आता त्यांचा उद्योग होता. शिष्य आला तेव्हाही त्यांच्या पुढ्यात कव्हर घातलेल्या वह्यापुस्तकांचा ढीग होता.

शिष्य पाया पडला. मुलीलाही पडायला लावले.

"गुरुजी, ही मनवा. तिसरीत आहे. तीन वर्षांत एकाही चाचणीत हिचा पहिला नंबर सुटलेला नाही. पुढे शिष्यवृत्तीला बसवायची आहे. तुमचा आशीर्वाद हवा."

"ये गं मनू, आधी खाऊ घे," असे म्हणून गुरुजींनी गूळ-शेंगदाण्यांची वाटी पुढे धरली. मुलीचा हात वाटीच्या जरा डावीकडे गेला, तिथे हवेत थांबला आणि मग चाचपत वाटीवर आला. शिष्य गुणांचे आकडे सांगण्यात गुंतला होता, त्याच्या हे लक्षात आले नाही. गुरुजींच्या आले. त्यांनी शिष्याला हाताने थांबवले, ढिगातून खाकी कव्हराचे एक पुस्तक उचलले आणि मुलीच्या हातात दिले.

"मनू, सातवा धडा वाचून दाखवतेस?"

मनवाने पुस्तक उघडले आणि अगदी नाकाशी नेले. या सवयीचे शिष्याला नेहमी कौतुक वाटे. 'बघा, कशी पुस्तकात डोके खुपसून बसते,' असे तो इतर मुलांना सांगे. मनवाने पानावर बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"धडा सातवा. सुगरणीचं घर. सुगरण पक्षी बाभळीच्या फांदीला घर बांधतो. तो गवताची एकेक काडी आणतो..."

कुठे अडखळणे नाही, स्वल्पविरामाला बरोबर थांबणे, प्रश्नचिन्हाला बरोबर सूर चढवणे. शिष्याची छाती फुगली. कौतुकाने तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, तिच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावला आणि जागच्या जागी थिजला. ते पुस्तक नव्हतेच. ती एक कोरी वही होती. पानावर एक अक्षर नव्हते, आणि मनवाचे बोट त्या पांढऱ्या कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकत होते. पान संपायच्या ठिकाणी तिने पान उलटलेसुद्धा.

"...मग मादी ते घर बघायला येते. या वाक्याखाली रेघ मारा, परीक्षेला हमखास येतं. घर आवडलं तर मादी..."

हे मधले वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हते. ते शिष्याचे होते. शिकवताना तो तिथे दरवर्षी हेच म्हणत असे.

धडा संपला. मनवाने वही मिटून मांडीवर ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसली. शिष्य रागाने लाल झाला होता.

"गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लहान मुलीची अशी फजिती करायची? माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतं."

गुरुजी मुलीकडे वळले.

"मनू, छान म्हटलंस हो. आता मला सांग, या पानावर काय दिसतं?"

"पांढरं दिसतं."

"आणि अक्षरं?"

मनवा थोडी गोंधळली. हा प्रश्न शिकवणीत झालेला नव्हता.

"अक्षरं सर म्हणतात तेव्हा कळतात."

"आणि तुझ्या घरच्या पुस्तकात?"

"त्यात काळं काळं असतं. मुंग्यांसारखं. पण मला सगळे धडे येतात गुरुजी. आठवा म्हणू?"

"नको बाळ," गुरुजी म्हणाले. "तू बाहेर अंगणात बसून खाऊ खा. आम्ही जरा बोलतो."

ती भिंतीला हात लावत लावत बाहेर गेली. आता शिष्यानेही ते पाहिले. तरी तो म्हणाला, "असं कसं होईल? तिला पैकीच्या पैकी गुण आहेत. ती लिहिते, गुरुजी!"

"तिच्या बोटांना पाठ झालंय, म्हणून लिहिते. चाचणीतले प्रश्न तूच मोठ्याने वाचून दाखवतोस ना? आणि शाळेतली परीक्षा?"

"तिथेही साधारण तेच प्रश्न... त्याच क्रमाने." शिष्याचा आवाज खाली आला. मग तो म्हणाला, "तिची आई एकदा बोलली होती मला. ताटातलं चाचपते, उंबऱ्याला अडखळते, म्हणाली. मी म्हटलं, सहामाही होऊ द्या, मग बघू."

"मग?"

"मग वार्षिक आली."

"कधीची गोष्ट ही?"

"ती पहिलीत होती तेव्हाची."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. ते बोलू लागले तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि त्यामुळे शिष्याला ते ऐकणे अधिक कठीण गेले.

"हे बघ, 'मला दिसत नाही' असं लहान मुलाला सांगता येत नाही. दिसणं म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. मग ते कसं सांगतं? चुकून सांगतं. 'घर'चं 'धर' वाचतं, एक ओळ गाळतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवतं, नापास होतं. शेवटची वीस वर्षं मी पहिलीच्या वह्यांतल्या चुकाच वाचत होतो. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणी उपाशी येत होतं, कुणाच्या घरी रोज मारझोड होती. सगळं मला चुकांतून कळलं, कारण सांगायचा दुसरा रस्ताच त्या पोरांकडे नव्हता. ही पोर तीन वर्षं तुला रोज सांगत होती. आणि तू रोज संध्याकाळी ते खोडून तिला घरी पाठवत होतास."

"पण गुरुजी," शिष्य कसाबसा म्हणाला, "वहीत एकही चूक राहता कामा नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"मीच शिकवलं," गुरुजी म्हणाले. "तुम्ही माझ्या हाताखाली होता तेव्हा माझ्या हातात छडी असायची. तुम्ही चुकायला भ्यायचात आणि मला ती शिस्त वाटायची. छडी मी नंतर टाकली, पण तोवर तुम्ही शिकून गेला होता. यातला माझा वाटा मी नाकारत नाही. आता ऊठ. हिला आणि हिच्या आईला घे आणि जिल्ह्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आज जा, उद्यावर नको."

ते त्याच दिवशी गेले. मनवाचे वडील ट्रकवर असत, म्हणून सोबत आईच आली. ती सातवीपर्यंत शिकलेली, ब्लाउज शिवून घराला हातभार लावणारी बाई होती. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासले, डोळ्यांत औषध घालून पुन्हा तपासले आणि मग दोघांना समोर बसवले.

"डाव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागेल. सतत वापरला तर हिचं काम भागेल. उजव्या डोळ्याची मात्र मी फार आशा दाखवणार नाही. त्याचा नंबर इतका मोठा होता, की मेंदूने त्या डोळ्याकडून काही घेणंच सोडून दिलं. पाच-सहा वर्षांची असताना आली असती, तर बहुतेक वाचवता आला असता." मग त्यांनी केसपेपरवरून मान वर केली. "मला एक कळत नाही. अशी मुलं पहिलीतच मागे पडतात, म्हणून तर घरचे घेऊन येतात. ही मागे कशी पडली नाही?"

शिष्याकडे या प्रश्नाचे उत्तर होते. ते त्याने दिले नाही. आईकडे बघण्याचेही धैर्य त्याला झाले नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीची लोखंडी चौकट मनवाच्या नाकावर चढवली, तिच्यात भिंगे सरकवली आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं व्हरांड्यात फिरू दे हिला. चक्कर येते का बघू."

व्हरांड्यातल्या बाकावर आई बसली. शिष्य उभाच राहिला. क्षमा मागावी म्हणून तो शब्द जुळवत होता, तेवढ्यात आईच बोलली. तिचे डोळे भरलेले होते, पण तिने विचारले ते हे:

"सर, मग आता नंबर जाईल का हो तिचा?"

तिला हसू नका. तिच्यावर रागावूही नका. तीन वर्षे आपल्या मुलीविषयी तिला एकच बातमी मिळत आली होती, आणि ती नंबराची होती. मुलगी सुखी आहे की दुःखी, ती काय बघते, कशाला भिते, हे कुणी तिला कळवले नव्हते. शिष्याला वाटले, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे. कारण हा प्रश्न त्या बाईच्या तोंडी त्यानेच घातला होता.

"जाईल," तो म्हणाला. "जाऊ द्या. माझं चुकलं, ताई. तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलके वाटले असते, पण तेवढी सवलतही त्याला मिळाली नाही.

व्हरांड्याच्या टोकाला मनवा मान मागे टाकून उभी होती. समोरच्या भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांची एक ओळ रंगवलेली होती, आणि बोटांना पाठ असलेली वळणे आठवत ती अक्षरे लावत होती. "ये... येधे. धुं... धुंकू. न. नये." तिसरीतली पहिल्या नंबराची मुलगी पहिलीतल्या नवख्या पोरासारखी अडखळत होती, आणि तिचा आवाज साऱ्या व्हरांड्यात घुमत होता. रांगेतले लोक वळून बघू लागले.

"मनू, अगं नीट वाच! माणसं बघतायत," आई कळवळून म्हणाली. "सर, सांगा ना तिला."

शिष्य पुढे झाला. बरोबर शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला आणि तो तिच्या शेजारी खाली बसला.

"पुन्हा बघ," एवढेच तो म्हणाला.

तिने बघितले. एकदा, दोनदा, तीनदा. नाकावरून घसरणारी जड चौकट दोन्ही हातांनी धरून ती त्या एका अक्षराशी झगडत राहिली. मग एकदम ओरडली, "ध नाही, थ आहे! येथे... थुंकू... नये!" तिने स्वतःच्या डोळ्याने वाचलेले हे आयुष्यातले पहिले वाक्य. त्याचा अर्थ कळून ती खुदकन हसली. मग तिने भिंतीवरून नजर काढली. समोरचे झाड, रांगेतली माणसे, आईचे रडवेले तोंड असे सगळे सावकाश बघून झाल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"सर, तुम्हाला सगळ्यांना रोज एवढं दिसतं?"

शिष्याला तिच्यासमोर रडता आले नाही. तो नुसता "हो" म्हणाला.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी आज त्याची वही उघडून बघावी, आणि तिच्यात एकही चूक सापडली नाही तर शिकवणीच्या सरांचे आभार मानण्याआधी त्या मुलाला जवळ बसवून घ्यावे.