येसबाची शपथ

हिवरठाणच्या नदीवर पूल नव्हता, माणसं काठीने खोली बघत पलीकडे जायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात येसबा नावाचा गुरांचा वैद्य होता. त्याने पाठीवर नुसता हात फिरवला की अडलेली गाय मोकळी व्हायची, असं म्हणतात.

पण त्याच्या दारात धडधाकट बैलही फार यायचे. दुखणं बैलाचं नसायचंच, मालकाचं असायचं. बायकोजवळ गेल्यावर शरीर साथ देईनासं झालं, तर गडी कुणाला सांगणार? मग तो बैलाचा कासरा धरून येसबाकडे यायचा. येसबा त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारायचा, आणि बैलाकडे बघत गडी सगळं सांगून टाकायचा. चावडीवर मिशा पिळणारे वाघ तिथे ढसाढसा रडायचे, असं म्हणतात.

एकदा सुभाना आला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याची आई सुनेला, गोजराला, वांझ म्हणून रोज घालूनपाडून बोलायची. खरं तर लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुभानालाच जमेनासं झालं होतं. येसबाने आपल्या परसात जाऊन बघितलं. सुभाना जिथे लघवीला बसला होता तिथे मुंग्या लागल्या होत्या.

"ह्यो गोड लघवीचा आजार हाय," येसबा म्हणाला. "ताप येतो तसा. त्यात तुझ्या मर्दपणाचा काय संबंध? गूळ सोड, जवाची भाकरी खा. आन् भिऊ नगंस, भ्यायल्यानं दुखणं दुप्पट हुतंय. घरी जाऊन गोजराला सांग."

"तिला न्हाई," सुभाना म्हणाला. त्याने येसबाचा हात बैलाच्या शिंगावर ठेवला आणि कुणालाच सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

घरी वेगळी भाकरी मागितली असती तर आईने कारण विचारलं असतं. म्हणून सुभाना गूळ खात राहिला आणि रानातल्या खोपटात निजू लागला. इकडे आईने त्याच्यासाठी दुसरी बायको ठरवली.

तेव्हा गोजरा येसबाच्या दारात आली. बाई माणसाला बैलाचं निमित्तही नव्हतं.

"बाबा, धनी माझ्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हाईत," ती म्हणाली. "माझ्यात काय कमी हाय?"

शब्द येसबाच्या ओठांवर आले होते. पण त्याला शिंगावरचा हात आठवला. त्याने शतावरीची मुळं पुडीत बांधून दिली आणि रोज एक खा म्हणाला. निरोगी बाईला त्याने औषध दिलं. मला विचाराल, तर त्या गावात याहून वाईट काम कुणी केलं नाही, आणि ते गावातल्या सगळ्यात भल्या माणसाने केलं.

गोजराने महिनाभर मुळं खाल्ली. दुसरीला हळद लागली त्या सकाळी ती नदीच्या डोहात गेली. सापडली तेव्हा पदराच्या गाठीत एक मूळ उरलं होतं.

येसबा मांडवात आला आणि त्याने शपथ मोडली. "गोजरा धडधाकट हुती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "सुभानाला आजार हाय, त्योबी काय पाप न्हाई. मला ठावं हुतं आन् मी गप ऱ्हायलो." त्याच घटकेला सुभानाच्या परसापासून डोहापर्यंत मुंग्यांची रांग लागली, ती तीन दिवस तुटली नाही, असं म्हणतात.

पुढे येसबाने हात लावला की बैल मान फिरवायचे. तो डोहाकाठी जाऊन बसला तो उठलाच नाही. तिथे माणसाएवढा एक दगड आहे. तोच येसबा, असं म्हणतात.

अजूनही हिवरठाणात एखाद्या घरात पाळणा हलला नाही, तर सुनेला नाव ठेवण्याआधी नवऱ्याला त्या दगडापाशी जावं लागतं. बायको बरोबर असते. बैल आता फारसे उरले नाहीत, तरी कुणाचा तरी मागून आणतात. त्याच्या पाठीवर हात ठेवून नवऱ्याने आपलं दुखणं बायकोला ऐकू जाईल असं सांगायचं, मग दोघांनी मिळून तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं.

काही जण सांगतात. पुष्कळ जण तासभर नुसते उभे राहतात आणि बैल घेऊन परत फिरतात. त्या दिवशी गावातल्या बाया डोहाचं पाणी भरत नाहीत.