जोरात मार!

"मग काय करू, बाई? ओवाळू का त्या दोघांना?"

हेडमास्तर दिगंबर खैरे ओसरीवर आले तेच तणतणत. वहाणासुद्धा धड काढल्या नाहीत. आता हेडमास्तरांचा राग म्हणजे काय विचारता! पण समोर होत्या सुलभाबाई. खैऱ्यांना पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलेलं. बाई थकल्या होत्या, जीभ मात्र शाबूत होती. त्या मेथी निवडत होत्या.

"कोण दोघं?"

"आठवीतले. झुंबर आणि परशा. त्यांच्यापायी शाळेत दोन तट पडलेत. काल मधल्या सुट्टीत दगडफेक झाली, पाचवीतल्या पोरीचं कपाळ फुटलं! उद्या दोघांच्या हातात दाखले ठेवतो. सुंठीवाचून खोकला गेला!"

"झुंबरचा बाप वीटभट्टीवर ना? मग पोरगंही तिथंच जाईल."

"जाऊ दे! मी काय कमी केलं? शांतता सप्ताह काढला. भाषण दिलं, शपथ दिली, दारावर फलक लावला..."

"भांडण कशावरून?"

"कबड्डीचा कप्तान कोण, एवढ्यावरून! सप्ताहाच्या उद्घाटनालाच जुंपली. मग केलं उभं सगळ्यांसमोर, आणि दिली नेहमीची शिक्षा. मारा म्हटलं एकमेकांच्या थोबाडीत."

बाईंचा हात थांबला.

"शांततेच्या फलकाखाली?"

"...हो."

"मारली?"

"कसली मारताहेत! झुंबरनं नुसता गालाला हात लावला. परशानंही तसंच केलं. आणि वर हसले, बाई! माझ्यादेखत फिदीफिदी हसले! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली."

"मग?"

"मग मी ओरडलो, जोरात मार!"

"मारली?"

"मारली. मी म्हटलं, अजून जोरात..." खैऱ्यांचा आवाज खाली आला. "झुंबरचा ओठ फुटला. तो परशाकडे नुसता बघतच राहिला. त्या दिवसापासून..."



बाई गुडघे धरत उठल्या. खैऱ्यांच्या पुढ्यात येऊन त्यांनी आपला सुरकुतलेला गाल पुढे केला.

"मार मला."

"बाई! काहीतरीच काय?"

"मार म्हणते ना! लहानपणी माझा शब्द खाली पडू द्यायचा नाहीस."

खैऱ्यांचा हात कसाबसा वर गेला. बोटं गालाला जेमतेम टेकली.

"जोरात मार!" बाई कडाडल्या.

हात तिथंच थिजला. एवढे मोठे हेडमास्तर, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं.

...

खैऱ्यांनी खिशातून दाखले काढले.

"यांचं काय करू, बाई?"

"चुलीत घाल."

बाई खाली बसल्या. मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"आणि उद्या प्रार्थनेला, सगळ्यांसमोर, त्या दोघांकडे तू आपला गाल पुढे कर... ओरडू मात्र नकोस."